ट्रेलर सपाट दिसतो, पण पुढच्या चाकांवर वजन आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडून प्रवास करण्याविषयी आपल्या वाहनविषयक पुरवणीत अधूनमधून लिहून येते. हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीच्या, उंचीबद्दल त्यात बहुधा एवढाच सल्ला असतो, की बाजूने पाहिल्यावर गाडी आणि ट्रेलर एका रेषेत दिसले की जोडणी बरोबर झाली. हा सल्ला अर्धाच आहे, आणि अर्धा असल्यामुळेच धोक्याचा आहे. ट्रेलर पाणसळीत चालायला हवा यात वाद नाही. पण तो पाणसळीत कशाने आणला, हेही तितकेच महत्त्वाचे. मागच्या स्प्रिंगजवळ हवेच्या पिशव्या बसवून फुगवल्या तरी गाडीची शेपूट वर येते आणि सगळे सरळ दिसू लागते. पुढच्या चाकांवरून उठलेले वजन मात्र त्याने परत येत नाही. गाडी वळवण्याचे सगळे आणि थांबवण्याचे बरेचसे काम त्याच चाकांवर असते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

एक हिशेब मांडतो. ट्रेलरचे सामानासह वजन २४०० किलो आणि त्यातले ३०० किलो हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचे नाक ज्यावर टेकते त्या गोळ्यावर, येतात असे धरू. ओढणाऱ्या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर ३.६ मीटर, आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे. मागचा अ‍ॅक्सल टेकूसारखा वागतो. ३०० ला १.२ ने गुणून ३.६ ने भागले की १०० येतात. म्हणजे पुढच्या चाकांवरून १०० किलो कमी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर ३०० च्या जागी ४०० किलो वाढतात. स्टिअरिंग हलके लागते, ओल्या रस्त्यावर वळण घेताना पुढची चाके बाहेर सरकतात, ब्रेक मारल्यावर ती लवकर पकड सोडतात आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

यावर उपाय आहे तो स्प्रिंग बार असलेल्या, वजन विभागून देणाऱ्या हिचचा. त्याच्या हेडमध्ये, म्हणजे बॉल ज्यावर बसतो त्या ठोकळ्यात, दोन पोलादी बार अडकवतात आणि त्यांची मागची टोके साखळीने किंवा ब्रॅकेटने ट्रेलरच्या फ्रेमकडे वर ताणून धरतात. एकचाकी ढकलगाडीचे दांडे उचलले की भार पुढच्या चाकावर जातो, तोच प्रकार इथे घडतो. वरच्या उदाहरणात बॉलपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटरवर असेल, तर बार इतके ताणता येतात की पुढच्या चाकांचे १०० किलो पूर्ण परत येतात. तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे २४० किलोच वाढतात आणि उरलेले ६० किलो ट्रेलरच्या चाकांवर जातात. ताण निम्मा ठेवला तर पुढे ५० किलो कमी, मागे सुमारे ३२० किलो जास्त आणि ट्रेलरच्या चाकांवर ३० किलो जास्त. हवेच्या पिशव्यांनी या तिन्ही आकड्यांत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. त्या शेपूट उचलतात, भार मात्र तिथेच ठेवतात.

पण बार ताणायच्या आधी सामान भरायचे असते. रिकाम्या ट्रेलरवर केलेली जोडणी प्रवासाच्या दिवशी चुकते, कारण बॉलवरचे वजन सामान कुठे ठेवले यावर ठरते. स्प्रिंग बारवर ओढल्या जाणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हे वजन ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते. २४०० किलोच्या ट्रेलरला २४० ते ३६० किलो. ते १० टक्क्यांच्या खाली गेले की ट्रेलर डोलायला लागतो, आणि वेग वाढला की डोलणे आवरत नाही. गोड्या पाण्याची टाकी कुठे आहे ते आधी पाहा. टाकीचा मध्य अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे असेल, तर भरलेले १५० लिटर पाणी बॉलवरचे ४५ किलो कमी करते. मागच्या बंपरवर, अ‍ॅक्सलपासून ४ मीटरवर, सायकलींसकट ४० किलोचा स्टँड टांगला तर आणखी ३२ किलो गेले. ३०० चे २२३ झाले. एकूण वजन मात्र १९० किलोंनी वाढून २५९० झालेले असते, म्हणजे प्रमाण जेमतेम साडेआठ टक्के. ट्रेलर बाहेरून मुळीच वेगळा दिसत नाही आणि रस्त्यावर मात्र तो वेगळाच ट्रेलर असतो. म्हणून टाक्या, गॅसचे सिलिंडर, कपाटातले सामान हे सगळे प्रवासात असेल तसे ठेवून, मगच हिचला हात लावावा.

बॉलवरचे वजन घरच्या वजनकाट्यानेही काढता येते. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. एक भक्कम लाकडी तुळई घ्या. तिचे एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपाच्या तुकड्यावर आणि दुसरे काट्यावर ठेवलेल्या तशाच तुकड्यावर टेकवा. दोन टेकूंमधले अंतर १२० सेंटिमीटर ठेवा. ट्रेलरचा पुढचा जॅक विटेच्या बाजूच्या टेकूपासून बरोबर ३० सेंटिमीटरवर तुळईवर उतरवा. काटा एक चतुर्थांश भार दाखवेल. नुसत्या तुळईचा आकडा आधी टिपून वजा करा आणि उरलेल्याला ४ ने गुणा. जॅक ओळंब्यात उभा हवा आणि ट्रेलर पाणसळीत हवा. जॅक कपलरच्या (बॉलवर बसणाऱ्या, ट्रेलरच्या नाकावरच्या खोबणीच्या) थोडा मागे असतो, म्हणून आकडा किंचित जास्त येतो. सुरुवातीला तेवढी अचूकता पुरते.

आता बॉलची उंची. गाडी आणि ट्रेलर एकाच सपाट फरशीवर उभे करा. उतारावर केलेली मापे फुकट जातात, आणि डोळ्याला सपाट वाटणारी जागा पुष्कळदा उतरती निघते. सुटा ट्रेलर जॅकने वरखाली करून फ्रेमवर पाणसळ धरा, आणि पुढच्या-मागच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मेजटेपने पडताळा. मापे फ्रेमपासूनच घ्यावीत, कारण दरवाजाची खालची कड फ्रेमशी समांतर असेलच असे नाही. मग कपलरच्या खोबणीचा आतला माथा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. बॉलचा माथा त्याहून थोडा वर बसवायचा, कारण वजन पडल्यावर गाडीची शेपूट खाली येणार. कडक स्प्रिंगच्या पिकअपला अगदी थोडा, मऊ सस्पेन्शनच्या गाडीला २५ ते ५० मिलिमीटर. शँकवरची, म्हणजे हेड ज्यावर बसते त्या हिचच्या दांड्यावरची, भोके बहुधा सुमारे ३२ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे नेमके माप साधत नाही. दोन भोकांमध्ये अडकलात तर खालचे निवडा. ट्रेलरचे नाक २० ते २५ मिलिमीटर खाली राहिलेले चालते, वर राहिलेले चालत नाही.

नाक वर का नको? पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या-मागच्या पाट्यांना जोडणारी मधली डोलती पट्टी भार सारखा वाटते, पण तिची हालचाल मर्यादित असते. नाक चढले की मागच्या अ‍ॅक्सलवर भार सरकतो, तिथले टायर तापतात, आणि पुढच्या अ‍ॅक्सलची हलकी झालेली चाके ब्रेक लागताच जाम होतात. रबराच्या टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये तर भार वाटणारी पट्टीच नसते. तिथे २५ मिलिमीटरचा तिरपेपणाही टायरच्या झिजेत दिसतो. शिवाय बॉलवरचे वजनही थोडे कमी होते, म्हणजे डोलण्याच्या बाजूने आणखी एक पाऊल. नाक फार खाली असेल तर याच गोष्टी उलट होतात आणि जॅकचा पाय गतिरोधकाला घासतो.

यानंतर मडगार्डची मापे. चारही चाकांच्या मध्यातून सरळ वर, जमिनीपासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत. कमानीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केली तर दर वेळी माप एकाच जागी पडते. गाडीत इंधन, माणसे आणि सामान प्रवासासारखे हवे. मापे तीनदा घ्यायची: ट्रेलर नसताना, ट्रेलर जोडून बार न लावता, आणि बार लावून. समजा पुढचे माप पहिल्यांदा ८६० होते आणि बार न लावता ८८० झाले. पुढची बाजू २० मिलिमीटर उचलली गेली. बार लावल्यावर ८७० आले तर निम्मे वजन परत आले, ८६० आले तर जवळजवळ सगळे. किती परत आणायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही कंपन्या निम्मे सांगतात, काही जवळपास पूर्ण. आपल्या गाडीचा आकडा तिथूनच घ्या, दुसऱ्याच्या गाडीवरून नको. प्रत्येक बदलानंतर गाडी काही मीटर सरळ पुढे नेऊन थांबवा आणि मगच मोजा, नाहीतर स्प्रिंग आणि रबरी बुश अडकून राहतात आणि माप खोटे येते.

पुढचे माप ८६० च्या खाली गेले तर ताबडतोब ताण कमी करा. ही चूक करणारे थोडे नाहीत, कारण बार जितके ताणलेले तितके सुरक्षित असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात अशा वेळी मागच्या चाकांचा भार गरजेपेक्षा कमी झालेला असतो. ओल्या उतारावर ब्रेक मारला की ती चाके आधी सुटतात, ट्रेलर मागून ढकलतो आणि दोन्ही वाहने कोयत्याच्या आकारात मिटतात.

ताण दोन ठिकाणी बदलता येतो. हेड मागे किती कलवले आहे हा एक मार्ग. काही हिचमध्ये त्यासाठी पिनेवर वायसर असतात, काहींत दातेरी तुकडा. वायसर वाढवला की बारची मोकळी टोके खाली जातात आणि वर ओढताना जास्त ताण येतो. दुसरा मार्ग साखळीच्या कड्यांचा: एक कडी वर घेतली की ताण वाढतो. हेडने मोठा फरक करायचा आणि कडीने बारीक. सगळे काम साखळीकडून करून घेतले तर ती फार आखूड होते, वळणावर तिला खेळायला जागा उरत नाही आणि ब्रॅकेट वाकतो. बार आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये साधारण पाचेक कड्या तरी मोकळ्या हव्यात. नेमका आकडा हिचच्या पुस्तिकेत असतो. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्या हव्यात. शेवटी ताण दिलेले बार ट्रेलरच्या फ्रेमला साधारण समांतर दिसायला हवेत. टोके बरीच खाली राहिली तर उंच रस्त्याच्या कडेला घासतात. बारची मागची टोके वर चढलेली दिसली तर हेडचा कल कमी पडला आहे.

बारची क्षमताही जुळायला हवी. साधारण २७०, ३६०, ४५० आणि ५४५ किलोंच्या बॉल-वजनासाठी बार मिळतात. निवडताना बॉलवरच्या वजनात गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमागे डिकीत भरलेले सामानही धरा. कमी ताकदीचा बार कितीही ताणला तरी वजन पुढे जात नाही, नुसता वाकतो. फार ताकदीचा बार प्रत्येक खड्ड्यात ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमला हिसके देतो, आणि जोडाच्या वेल्डिंगला कालांतराने चिरा जातात.

बार लावताना हातापायांना इजा होते ती घाईमुळे. कपलर बॉलवर बसवून कुलूप लावल्यावर ट्रेलरचा जॅक खाली सोडा आणि गाडीची शेपूट वर येईपर्यंत उचलत राहा. शेपूट बरोबर वर आली म्हणजे कपलर खरोखर अडकला आहे, ही चाचणीही त्यातच होऊन जाते. इतपत उचलल्यावर साखळी जवळपास हातानेच ब्रॅकेटवर चढते. तसे न करता लांब पाइप लावून ब्रॅकेट वर दाबणारे पुष्कळ आहेत. पाइप निसटला तर ब्रॅकेटचा दांडा जबड्याच्या उंचीवर उसळतो. सोडवतानाही हाच क्रम, आणि उभे राहायचे ते बाजूला. ब्रॅकेट लागल्यावर त्याची सुरक्षा पिन विसरू नका.

एवढे झाल्यावर मडगार्डच्या मापांवर न थांबता अ‍ॅक्सलचे वेगवेगळे वजन देणाऱ्या मोठ्या वजनकाट्यावर जा. मापे अंदाज देतात, काटा उत्तर देतो. तीन नोंदी घ्या: बार लावून, त्याच जागी बार सोडून, आणि ट्रेलर काढून नुसती गाडी. समजा नुसत्या गाडीचे पुढे १४०० आणि मागे १३०० आले, बार सोडून पुढे १३०० आणि मागे १७००. दोन बेरजांतला फरक ३०० किलो, हेच बॉलवरचे खरे वजन. बार लावून पुढे १३५० आणि मागे १६२० च्या आसपास आले तर निम्मे वजन परत आलेले आहे. याच चिठ्ठ्यांवरून मागच्या अ‍ॅक्सलची, टायरची आणि गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ओलांडली नाही ना, हेही कळते. ज्या गाड्यांचे हवेचे सस्पेन्शन स्वतःच उंची जुळवते, त्यांत मडगार्डची मापे फसवतात. यंत्रणा उंची परत आणते आणि वाटते की बारने काम केले. तिथे जोडणी करताना ती यंत्रणा बंद ठेवायची की चालू, हे पुस्तिका सांगते, आणि पडताळा काट्यावरच होतो.

काही गोष्टी थोडक्यात. बॉल ५० मिलिमीटरचा, ५०.८ चा (२ इंच) किंवा ५८.७ चा (सव्वादोन इंचांहून किंचित मोठा) असतो. कपलरवर कोरलेल्या मापाचाच बॉल हवा. ५० चा बॉल २ इंचांच्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण सैल असतो. बॉलचा नट आणि हेडचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कवर कसायचे. त्यासाठी लांब दांड्याचा टॉर्क पाना लागतो, हाताच्या अंदाजावर भागत नाही. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा तपासायचे. सुरक्षा साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या घ्यायच्या. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी केबल गाडीला वेगळी बांधायची, हिचला किंवा साखळीला नाही. डोलणे रोखणारी घर्षणपट्टी बसवली असेल तर रिव्हर्स घेण्याआधी ती काढायची, नाहीतर काटकोनात ती वाकते. फार खोल चढउतारावरून ट्रेलर आत घ्यायचा असेल तर तेवढ्यापुरते बार सोडावेत.

दोन अडचणी हिच विकत घेण्याआधीच पाहाव्यात. काही कंपन्या आपल्या गाड्यांना स्प्रिंग बारचा हिच लावायला मनाई करतात. आणि रिसीव्हरवरच्या, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीच्या खोबणीवरच्या, पट्टीवर कित्येकदा वजनाच्या मर्यादेचे दोन आकडे असतात, बारशिवाय एक आणि बारसह दुसरा, मोठा. युरोपीय कॅरॅव्हॅनची रीत तर वेगळीच आहे. तिथे बॉलवर साधारण ५ ते ७ टक्के वजन ठेवतात, गाडीची मर्यादा पुष्कळदा ७५ ते १०० किलो असते, स्प्रिंग बार सहसा नसतात आणि भरलेल्या गाडीत बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर ठेवतात. वर सांगितलेल्या अमेरिकी पद्धतीचे १२ टक्के त्या बॉलवर लादणे किंवा तिथले ५ टक्के स्प्रिंग बारच्या जोडणीत वापरणे, दोन्ही घातक.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. गाडीचे परीक्षण छापताना 'ओढण्याची क्षमता ३५०० किलो' एवढेच छापू नये. बॉलवरच्या वजनाची मर्यादा, ती बारसह आणि बारशिवाय वेगळी असल्यास दोन्ही आकडे, मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा आणि गाडीत भरता येणारे वजन, हे चार आकडे त्याच चौकटीत द्यावेत. बॉलवरचे वजन गाडीच्या भारातच मोजले जाते. पाच माणसांचे ३५० किलो, सामानाचे १०० आणि बॉलवरचे ३०० मिळून ७५० होतात. पुष्कळ गाड्यांची मर्यादा तिथे कधीच ओलांडलेली असते, आणि ओढण्याच्या क्षमतेतले हजारभर किलो तेव्हा कागदावर शिल्लक असतात.

आपला,
एक वाचक